सावकाश जेवण्यामागचा इतिहास

‘माइंडफुल ईटिंग’, म्हणजे मन लावून, सावकाश जेवणे, हे नाव हल्ली वजन उतरवण्याच्या कार्यक्रमांत सर्रास ऐकू येते. या सवयीचा इतिहास मात्र वजनाहून मनाशी अधिक जोडलेला आहे. तो बाजूला ठेवून लहानथोरांना सरसकट एकच सल्ला दिला जातो, आणि त्यात मुलांचे व म्हाताऱ्यांचे नुकसान होते.

यातली सर्वांत बोलकी जुनी कथा संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर (द्रोण हे धान्याचे जुने, मोठे माप) भात खायचा. असाच एकदा जेवून धापा टाकत तो बुद्धांकडे आला. सदैव स्मृती, म्हणजे सजगता, जागी ठेवून अन्नाची मात्रा ओळखणाऱ्याच्या वेदना कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची गाथा बुद्धांनी म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी रोज शंभर कार्षापण (त्या काळची नाणी) देऊ केले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर, म्हणजे द्रोणाहून बऱ्याच लहान मापाच्या, भातावर आला. त्याला कुणी उपाशी ठेवले नाही की एखादा पदार्थ बंद केला नाही. ऐन जेवणात आठवण करून देणारे कुणीतरी जवळ होते, एवढेच.

आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या भागातही फार घाईने नाही, फार रेंगाळत नाही, न बोलता, न हसता, मन लावून जेवावे असे नियम आहेत. पुढच्याच अध्यायात चिंता, शोक, भय, क्रोध असताना पथ्याचे, मापात खाल्लेले अन्नही पचत नाही असे सांगितले आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ‘आहार तरी सेविजे । परी युक्तीचेनि मापें मविजे’ येते. रामदासांच्या नावावरचे ‘वदनी कवळ घेता’ तर आजही कितीतरी शाळांत डबा उघडण्याआधी म्हटले जाते. याच परंपरेत घरच्या बायका मात्र सगळ्यांची पाने उठल्यावर, उरलेसुरले घाईघाईने खात. शांतपणे जेवण्याचे सुख त्यांच्या वाट्याला क्वचितच आले, हे विसरून परंपरेचे कौतुक करू नये.

आजचे रूप अमेरिकेतून आले. 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी बौद्ध ध्यानपद्धतींच्या आधारे तणावमुक्तीचा वर्ग सुरू केला. एकच बेदाणा बघत, हुंगत, सावकाश चावत खाण्याचा त्यातला सराव प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ जीन क्रिस्टेलर यांनी हीच वाट अनावर खाण्याचे झटके येणाऱ्यांसाठी वापरली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 18 स्त्रिया होत्या. आठवड्याला सुमारे चार असलेले झटके दीडच्या आसपास आले. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पण हेतू स्पष्ट होता: खाण्याभोवतीची शरम आणि हतबलता कमी व्हावी. पौगंडावस्थेतल्या मुलामुलींच्या हाती कॅलरी मोजणारे ॲप देताना हा हेतू आठवायला हवा, कारण खाण्याचे मानसिक आजार बहुधा याच वयात डोके वर काढतात.

लहान मुलांचा धागा वेगळाच आहे. मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी 1980च्या दशकात छोट्या मुलांवर प्रयोग केले. ‘ताट स्वच्छ कर’ यावर भर दिला, बक्षीस लावले, की पोट भरल्याची स्वतःची जाणीव मुले कमी वापरू लागतात, असे त्यांना दिसले. अन्न टाकू नये हा आपला संस्कार मोलाचा आहेच. त्यासाठी आधी कमी वाढावे आणि मागितले की पुन्हा वाढावे.

म्हातारपणी सगळेच उलटते. चव आणि वास मंदावतात, भूक मरते, जोडीदार गेला की स्वयंपाकाची उमेदही जाते. अशा माणसाला ‘कमी खा, गप्प बसून खा’ हे सांगणे घातक ठरू शकते. चरकाचा मौनाचा नियम इथे मला सोडून द्यावासा वाटतो. सोबतीने जेवताना माणूस एकट्यापेक्षा जास्त खातो, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. एकट्या आजोबांसाठी सावकाश जेवण म्हणजे समोर कुणीतरी बसलेले असणे आणि गप्पा मारत दोन घास जास्त जाणे.