ओन्सेन

ओन्सेन : जपानमधील नैसर्गिक गरम पाण्याचे झरे, आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली स्नानगृहे, निवासगृहे व गावे. १९४८च्या ओन्सेन कायद्यानुसार जमिनीतून येणारे पाणी उगमाशी किमान २५° से. असावे लागते, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी त्यात पुरेशा प्रमाणात असावा लागतो. अट तशी सैलच आहे. नुसत्या तापमानावर पाहिले तर कोकणातल्या कित्येक विहिरीही ओन्सेन ठरतील. त्यामुळे उगमाशी कोमट असलेले पाणी तापवून हौदात सोडणारी ठिकाणेही हेच नाव लावतात. देशभरात सुमारे २७ हजार उगम आणि मुक्कामाची सोय असलेली जवळजवळ ३ हजार स्थळे आहेत. शहरात साधे पाणी तापवून चालवलेले सार्वजनिक स्नानगृह म्हणजे सेन्तो. रीतीभाती दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच.

जपानी स्नानाला धर्माचे अंग आहे. शिंतो या जपानच्या मूळ धर्मपरंपरेत पाण्याने शुद्ध होण्याचा विधी आहे. बौद्ध मठांनी आजारी व गोरगरिबांसाठी स्नानगृहे चालवली. आठव्या शतकातील सम्राज्ञी कोम्योने हजार जणांना स्वतःच्या हाताने अंघोळ घालण्याचा नेम केला आणि शेवटचा कुष्ठरोगी प्रत्यक्ष अक्षोभ्य बुद्ध निघाला, अशी आख्यायिका नारा येथील होक्केजी मठाशी जोडलेली आहे. शिकोकू बेटावरील मात्सुयामाच्या दोगो ओन्सेनचा उल्लेख इ. स. ७२०च्या ‘निहोन शोकी’ या इतिवृत्तात सापडतो. तिथली आजची तीनमजली लाकडी इमारत १८९४ची. शेतीची कामे उरकली की झऱ्याकाठी आठवडे-दोन आठवडे राहून, स्वतःच रांधून, दिवसातून अनेकदा पाण्यात बसण्याच्या उपचाराला तोजी म्हणतात. आजच्या एका रात्रीच्या सहलीपेक्षा ओन्सेनचा मूळ उपयोग हा होता. स्त्री-पुरुषांचे एकत्र स्नानही पूर्वी सर्रास चाले. १८५०च्या दशकात अमेरिकी आरमारी अधिकारी पेरीच्या पथकाला ते पाहून धक्का बसला. पुढे मेजी सरकारने (१८६८नंतरच्या राजवटीने) पाश्चात्त्यांपुढे शोभा नको म्हणून त्यावर वारंवार बंदी घातली. आता ते आकितातील न्यूतोसारख्या मोजक्या डोंगरी ठिकाणी उरले आहे.

परक्या माणसाला इथले नियम किचकट वाटतात, पण जवळजवळ सगळे एकाच गोष्टीतून निघतात : हौदातले पाणी सर्वांचे आहे आणि ते माणसागणिक बदलले जात नाही. हौद अंग धुण्यासाठी नाही, स्वच्छ झालेले अंग शेकण्यासाठी आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्या मराठी माणसाला इथे दोन गोष्टी उलट्या कराव्या लागतात. साबण आधी लावायचा आणि कपडे पूर्ण उतरवायचे. पोहण्याचा पोशाखही चालत नाही, कारण कापडाबरोबर साबण आणि मळ पाण्यात जातो असे मानतात.

दाराशी नोरेन हा कापडी पडदा असतो, बहुधा पुरुषांकडे निळा आणि बायकांकडे लाल. अनेक निवासगृहांत रात्रीतून दोन्ही बाजूंची अदलाबदल करतात, म्हणजे पाहुण्यांना दोन्ही हौद मिळतात. म्हणून काल कुठे गेलो होतो यावर विसंबू नये, पडदा दर वेळी पाहावा. आत कपडे टोपलीत ठेवून फक्त छोटा पंचा बरोबर न्यायचा. भिंतीलगत नळ, शॉवर, ठेंगणी स्टुले आणि लहान बादल्या मांडलेल्या असतात. स्टुलावर बसूनच अंग व केस धुवायचे; उभे राहिले तर शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात. फेस पूर्ण गेला की जागा आणि स्टूल धुऊन ठेवायचे. मग हौदातले थोडे पाणी पायांपासून वर अंगावर घ्यायचे, म्हणजे शरीराला उष्णतेची ओळख होते, आणि हळूच उतरायचे. लांब केस वर बांधायचे. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. पोहणे, डुबकी मारणे, हौदात कपडे पिळणे हे वर्ज्य. फोन तर कपड्यांच्या खोलीतसुद्धा बाहेर काढू नये. मासिक पाळीच्या दिवसांत सामाईक हौद टाळण्याची रीत आहे.

पाणी बहुधा ४०° ते ४२° असते. पहिल्या खेपेला पाच-दहा मिनिटे पुरे. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन उतरणे धोक्याचे. सगळे नागडे असताना संकोच वाटेल ही भीती पहिल्या दोन मिनिटांपुरतीच टिकते, कारण कोणी कोणाकडे पाहत नाही. न पाहणे हासुद्धा शिष्टाचारच. मुले बरोबर असतील तर वयाची अट विचारून घ्यावी : टोकियोत २०२२पासून सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आईबरोबर बायकांच्या बाजूला जाता येत नाही.

पाण्याचे गुण जागोजागी वेगळे. गुम्मा प्रांतातील कुसात्सूचे पाणी गंधकयुक्त व तीव्र आम्लधर्मी असून उगमाशी ५०°च्या वर असते. त्यात गार पाणी मिसळले तर गुण पातळ होतात, म्हणून लांब लाकडी फळ्यांनी गाणी म्हणत ते ढवळून निववतात. ही युमोमी आज मुख्यतः प्रयोग म्हणून दाखवतात. कोबेजवळच्या आरिमात लोहामुळे तांबूस-तपकिरी झालेले ‘सोनेरी’ पाणी आणि दुसरे रंगहीन ‘रुपेरी’ पाणी आहे. क्यूशूमधील बेप्पूत वाफाळती कुंडे नुसती पाहण्यासाठी आहेत. त्यांना ‘नरक’ म्हणतात आणि त्यांत उतरायचे नसते. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, मुलामा दिलेले मंगळसूत्र खोलीतच काढून ठेवलेले बरे.

ओन्सेनच्या पाण्याच्या या प्रतिष्ठेला २००४ साली तडा गेला. नागानोतील शिराहोने हे दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध स्थळ. तिथे काही ठिकाणी पाण्यात रंग आणणारी भुकटी मिसळली जात असल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी पाणी मिसळणे, तापवणे, पुन्हा फिरवणे आणि जंतुनाशक घालणे यांची माहिती फलकावर लावणे सक्तीचे झाले. कपड्यांच्या खोलीतला तो कंटाळवाणा दिसणारा तक्ता जाणकार आधी वाचतात.

गोंदण हा अजूनही नाजूक विषय आहे. एदो काळात (१६०३–१८६८) गुन्हेगारांना शिक्षा म्हणून गोंदत. १८७२ ते १९४८ गोंदण्यावर बंदी होती. पुढे त्याचा संबंध याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जुळला. सरकारी पर्यटन खात्याच्या २०१५च्या पाहणीत उत्तर देणाऱ्या ५६ टक्के स्थळांनी गोंदलेल्यांना प्रवेश नाकारत असल्याचे सांगितले. आजीच्या कपाळावरच्या गोंदणाचा आणि टोळीचा काही संबंध नाही हे दारावरच्या कर्मचाऱ्याला समजावत बसण्यापेक्षा आधी चौकशी करावी. लहान गोंदण चिकटपट्टीने झाकले की बऱ्याच ठिकाणी चालते, आणि किनोसाकी गावातील सार्वजनिक स्नानगृहे गोंदण असलेल्यांनाही घेतात. परकेपणावरून मात्र कोणाला अडवणे गैर ठरले आहे : होक्काइदोतील ओतारू येथे एका स्नानगृहाने परदेशी दिसणाऱ्यांना दार बंद केले, तेव्हा साप्पोरो जिल्हा न्यायालयाने २००२ मध्ये तो वांशिक भेदभाव ठरवून तिघा फिर्यादींना प्रत्येकी १० लाख येन देवविले.

मुक्कामाची पारंपरिक जागा म्हणजे र्‍योकान. दारात बूट, आणि तातामी चटईच्या आधी सपाताही काढायच्या. खोलीत मिळालेला युकाता (हलका सुती किमोनो) घालून जेवायला किंवा गावात फिरायलाही जाता येते. डावी बाजू उजवीवर यायला हवी, उलट नेसवतात ते प्रेताला. जेवण ठरल्या वेळी, संध्याकाळी सहा-सातलाच असते आणि उशिरा पोहोचणाऱ्यासाठी ते थांबत नाही. शाकाहाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. ‘मांस नको’ एवढे पुरत नाही, कारण भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचे दाशी, म्हणजे उकळून काढलेले पाणी, असते. आयत्या वेळी सांगितले तर भात, लोणचे आणि खजील झालेला स्वयंपाकी एवढेच वाट्याला येते. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांना कोयासान पर्वतावरील मठांच्या धर्मशाळांतले शोजिन, म्हणजे बौद्ध शाकाहारी, जेवण त्याहून सोयीचे. बिलात स्नानकर वेगळा लावतात, साधारण माणशी १५० येन.

सामाईक स्नान नकोच असेल तर कुटुंबापुरता हौद तासाच्या हिशेबाने राखून मिळतो. काही खोल्यांना स्वतःचा उघड्यावरचा हौदही असतो, पण तो महाग पडतो. आणि बहुतेक ओन्सेन गावांत रस्त्याकडेला आशियु, म्हणजे पाय सोडून बसायचे गरम पाण्याचे कुंड असते. तिथे कपडे उतरवावे लागत नाहीत, बहुधा पैसेही पडत नाहीत; पाय पुसायला पंचा तेवढा आपला न्यावा.