कान्हेरीची सायकल सहल: येण्याआधी एवढं वाचा

रस्ता छोटा आहे, हे आधीच सांगतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीकडच्या फाटकापासून कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपर्यंत जेमतेम सहा-सात किलोमीटर. ठाण्यातल्या उपवन तलावाला रोज चकरा मारणारा माणूस अर्ध्या-पाऊण तासात वर पोहोचेल. तेवढंच करायचं असेल तर आमची गरज नाही. आम्ही या अंतराला अख्खा दिवस देतो आणि पैसेही त्याचेच घेतो.

ठाण्याहूनच सायकल चालवत जायचं का? नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या घाटात कंटेनरच्या शेजारून सायकल हाकण्यात कसली सहल! सायकली टेम्पोतून येतात, तुम्ही मिनीबसमधून. गाडी तीन हात नाक्यावरून सकाळी सहाला सुटते आणि कोणासाठी थांबत नाही. सोमवारी उद्यान बंद, म्हणून सहलही नाही.

मग दाराशी येऊर असताना बोरिवली कशाला, असंही पुष्कळजण विचारतात. येऊर म्हणजे याच उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पण तिथून जंगल ओलांडून कान्हेरीला उतरायला बंदी आहे, आणि नवख्याला येऊरचा चढ सुरुवातीलाच घाम फोडतो. कान्हेरीचा रस्ता आधी बराचसा सपाट आहे, चढ लागतो तो शेवटी. तो दिसायच्या आधीच गियर हलका करा. चढावर जोर लावून गियर बदलला की चेन उतरते. उतरून सायकल ढकलत नेली तरी कोणी हसणार नाही, आमची माणसंही ढकलतात.

वाटेत थांबायला कारणं बरीच. दहिसर नदी अधूनमधून दिसते. ती उगम पावते तुळशी तलावाजवळ. 1879 चा तुळशी आणि 1860 चा विहार हे तलाव आजही मुंबईला पाणी देतात, मात्र तिकडे आपल्याला जाता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर पळस, पांगारा, काटेसावर फुललेले असतात. साग तेव्हा उघडाबोडका असतो, त्यामुळे पक्षी सहज दिसतात. कारवीचं झुडूप मात्र आठ वर्षांनी एकदाच फुलते. इथे ती 2024 मध्ये फुलून गेली, आता 2032 ची वाट बघायची.

लेण्यांना आम्ही दोन-अडीच तास ठेवतो, तेही कमी पडतात. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, आणि त्याच्या व्हरांड्यातल्या दोन उंच बुद्धमूर्ती, अकराव्यातलं दरबार सभागृह, एक्केचाळिसाव्यातला अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व, एवढं निवांत बघा. दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याण आणि सोपारा ही आपल्या शेजारची गावं सापडतात. कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाक्या, पाहिल्याशिवाय उतरू नका. डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळींनी त्यांत आणलेलं आहे. सायकली खाली आमच्या माणसाकडे राहतील. लेण्यांचं तिकीट वेगळं लागतं, ते आमच्याकडे.

परतीच्या उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या. पुढचा एकटा करकचून दाबला तर माणूस सायकलच्या पुढे जातो. पावसाळ्यात हा उतार शेवाळलेला असतो. धबधब्यांसाठी येणाऱ्यांना आम्ही नाही म्हणत नाही, पण मुलांना त्या दिवसांत आणू नका.

माकडांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. केळी, वेफर्स सोबत घेऊ नका. नाश्त्याचे पोहे फाटकाबाहेर, जेवण खाली उतरल्यावर. पाण्याची बाटली स्टीलची आणा. बिबटे इथे आहेत. दिवसा दिसण्याचा संभव कमी असला तरी कोणी एकटं मागे राहायचं नाही, झाडीत शिरायचं नाही, आणि ऊन कलायच्या आत आपण फाटकाबाहेर असतो.

सायकल, हेल्मेट, प्रवास, प्रवेशशुल्क, नाश्ता आणि जेवण शुल्कात धरलेलं आहे. नाव नोंदवताना उंची सांगा, त्यावरून सायकलची फ्रेम आणि सीट आदल्या रात्रीच लावून ठेवता येते. गुडघ्याचं दुखणं असेल तर तेही सांगा, अशांसाठी हलक्या गियरच्या थोड्या सायकली राखून ठेवलेल्या असतात.