अल्पाका गळ्यात पडत नाही

अमेरिकेत मुलाकडे गेलात आणि रविवारी त्याने अल्पाका रँचवर नेलं, तर एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: उंटाच्या कुळातल्या या लोकरीच्या प्राण्याला मिठी आवडत नाही. पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पठारांवर, सुमारे 6 ते 7 हजार वर्षांपूर्वी, विकुन्या या त्याच्याच कुळातल्या रानटी प्राण्यापासून माणसाने तो माणसाळवला. पण तो लोकरीसाठी, लाडासाठी नव्हे. शिवाय प्यूमा या शिकारी रानमांजराचं भय, त्यामुळे डोक्याकडे येणारा हात त्याला संकटच वाटतो. मान जिथे खांद्याला मिळते तिथे हळूच हात ठेवलात तर बहुतेक वेळा खपतं. बाटलीने दूध पाजून, कुरवाळून वाढवलेला नर मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी नर समजून अंगावर येऊ शकतो. म्हणून नर पिलाशी खेळू दिलं नाही, तर मालकावर रागावू नका.

आता थुंकण्याविषयी. कान मागे गेले, हनुवटी वर झाली की बाजूला व्हा. रोख बहुधा खाण्यावरून भांडणाऱ्या दुसऱ्या अल्पाकावर असतो, पण मधे उभे असाल तर प्रसाद तुम्हालाही मिळतो. तो नुसत्या लाळेचा नसतो. तीन कप्प्यांच्या पोटातलं अर्धवट पचलेलं हिरवं गवत वर येतं आणि त्याचा वास लवकर जात नाही.

याच थुंकीवर पैदासकार गर्भचाचणी करतात. मादीजवळ नर आणायचा. ती खाली बसली तर बहुधा रिकामी, थुंकून त्याला हुसकावलं तर बहुधा गाभण. अल्पाकाच्या मादीला ठरावीक ऋतुचक्र नसतं, समागम झाल्यावरच बीज सुटतं. त्यानंतर रक्तात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं की ती नराला जवळ फिरकू देत नाही. सोनोग्राफीइतकी खात्रीची नाही, पण फुकट!

गर्भकाळ साधारण साडेअकरा महिन्यांचा. पिल्लू पाहण्याचा योग हवा असेल तर सकाळी जा, कारण माद्या बहुतेक दिवसाउजेडीच, त्यातही दुपारच्या आत वितात. गाय वासराला चाटून कोरडं करते. अल्पाका आई चाटत नाही. ओलं पिल्लू वाळवायचं काम उन्हा-वाऱ्याचं, आणि अँडीजमध्ये रात्री पाणी गोठतं. तिथे संध्याकाळी जन्मलेलं पिल्लू जगणं कठीण.

बाकी किरकोळ. सगळा कळप ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, त्यामुळे चरायचं गवत स्वच्छ राहतं. एकमेकांशी बोलताना गुणगुणल्यासारखा आवाज काढतात. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तेव्हा तळहात सपाट ठेवून खाणं द्यायला भिऊ नका.

लोकरीत मेंढीच्या मानाने चिकट मेण फारच कमी. आपल्याकडे जुन्या वकिलांचा अल्पाकाचा काळा कोट असे, तो मूळचा याच लोकरीचा; पुढे त्या नावावर भलतीच कापडंही खपली. कातरणी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यानंतर गेलात तर लांब मानेचे, काटकुळे प्राणी दिसतील. गुबगुबीत फोटो हवे असतील तर हिवाळा गाठा.