‘अन्य भाषां’त बोलताना काय घडते?

दौंडजवळच्या केडगाव येथील मुक्ती मिशन या पंडिता रमाबाईंच्या आश्रमात १९०५ साली प्रार्थनेची मोठी लाट उसळली. आश्रमातील मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि पुढे त्यांतील काहींच्या तोंडून कोणालाही न कळणारे बोल बाहेर पडू लागले. एका रविवारी उपासना आटोपून येताना पंडिता रमाबाईंना एका खोलीच्या दाराशी मुलींचा घोळका दिसला. एक मुलगी इंग्रजीत देवाची स्तुती करत होती आणि तिला इंग्रजी येत नव्हते, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. भाषेच्या बाबतीत रमाबाईंचा कान कच्चा नव्हता. संस्कृतवर त्यांचे प्रभुत्व होते आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी बायबल मराठीत आणले. त्यामुळे त्यांची साक्ष सहज बाजूला सारता येत नाही. मात्र त्या आवारात इंग्रजी बोलणाऱ्या मिशनरी स्त्रियाही वावरत होत्या, आणि रोज कानावर पडणारी वाक्ये न शिकताही मनात साठतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या प्रकाराला ख्रिस्ती परंपरेत ‘अन्य भाषा बोलणे’ म्हणतात. ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल याने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधील पहिल्या पत्रात पवित्र आत्म्याची जी कृपादाने सांगितली आहेत, त्यांत ज्ञान, विश्वास, रोग बरे करणे, संदेश देणे यांच्या बरोबरीने अन्य भाषा बोलणे आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे ही दोन दाने येतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हे दान पुन्हा केंद्रस्थानी आले. १९०१ मध्ये अमेरिकेतील टोपीका येथे आणि १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय पाळकाच्या सभांमध्ये, लोक अन्य भाषांत बोलू लागले आणि त्यातून पवित्र आत्म्याच्या अशा दानांवर भर देणारी पेन्टेकॉस्टल चळवळ जगभर पसरली. त्या काळी अनेकांची अशी खात्री होती की मिळालेली भाषा ही पृथ्वीवरचीच एखादी खरी भाषा आहे. अमेरिकी पाळक आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी लिलियन याच विश्वासाने कलकत्त्याला आले. बंगाली लोकांना आपले बोलणे कळत नाही, हे त्यांना तेथे पोहोचल्यावर उमगले. तरीही त्यांनी आपला विश्वास सोडला नाही. ते दान प्रार्थनेसाठी आहे, असे त्यांनी मानले. मला ही घटना महत्त्वाची वाटते, कारण प्रत्यक्ष अनुभवाने एक कल्पना तपासली जाऊन ती बदलल्याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

भाषाशास्त्राने या बोलण्याकडे गांभीर्याने पाहिले ते १९६० नंतर. टोरांटो विद्यापीठातील विल्यम सॅमरिन यांनी निरनिराळ्या देशांतील सभांमधील बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे उच्चार एकेक करून टिपले. त्यांना आढळले की हे बोलणे व्यंजन आणि स्वर अशा साध्या अक्षरांचे बनलेले असते, तीच अक्षरे थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांतील ध्वनी बहुतांशी बोलणाऱ्याला आधीपासून येत असलेल्या भाषांमधलेच असतात. वाचकाने स्वतःशीच ‘शिराबा लोरी शिरामा तो लारी’ असे काही म्हणून पाहावे. अशा ओळीत लय, चढउतार, विराम, जणू वाक्य संपल्याचा भास, सारे काही असते. पण कोणता तुकडा नाम, कोणता क्रियापद, कोणता प्रत्यय, हे शोधू जावे तर हाती काही लागत नाही. मराठीत ‘घरात’ आणि ‘घराला’ यांतील एका अक्षराने अर्थ पालटतो. येथे अक्षर बदलले तरी बदलायला अर्थच नसतो. म्हणून सॅमरिन यांनी याला भाषेचा बाह्य आकार असलेले, पण भाषा नसलेले बोलणे मानले. त्याच वेळी हे वेडाचे लक्षण नाही आणि बोलणारा समाधीत असलाच पाहिजे असेही नाही, यावर त्यांचा भर होता. मानववंशशास्त्रज्ञ फेलिसिटास गुडमन यांचे मत वेगळे होते: मेक्सिकोतील मायाभाषक आणि अमेरिकेतील इंग्रजीभाषक यांच्या बोलण्यात आवाज सारख्याच रीतीने चढत जाऊन शिखर गाठतो व उतरतो, असे त्यांना दिसले आणि याचे मूळ त्यांनी भावसमाधीत शोधले.

हे बोलणे शिकता येते का, हा प्रश्न कॅनडातील मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रयोगाने तपासला. ६० जणांना त्याचा मिनिटभराचा नमुना ऐकवला. सुमारे २० टक्के लोक लगेच ओघवते बोलू लागले. मग ६० पैकी निम्म्या लोकांना दोन वेळा सराव दिल्यावर या गटातील ७० टक्के लोकांना ते जमले. याचा अर्थ श्रद्धावान माणसे नक्कल करतात असा काढणे चुकीचे ठरेल. ओव्या गाता येणे हेही शिकून येते, म्हणून जात्यावर बसलेल्या बाईचे गाणे खोटे ठरत नाही.

सर्वांत बोलका प्रयोग मेंदूचे अमेरिकी अभ्यासक अँड्र्यू न्यूबर्ग यांचा आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी पाच स्त्रियांना बोलावले. हाताच्या शिरेत आधीच नळी बसवलेली असे. प्रत्येकीने एकदा भक्तिगीत म्हटले आणि एकदा अन्य भाषेत प्रार्थना केली; त्या गुंग असतानाच नळीतून सौम्य किरणोत्सारी द्रव्य सोडले गेले. हे द्रव्य रक्ताबरोबर मेंदूत जाते आणि काही मिनिटांत तेथे स्थिरावते, त्यामुळे नंतर यंत्राखाली निजवले तरी प्रार्थनेच्या क्षणी रक्तप्रवाह कोठे अधिक होता याचे चित्र मिळते. गाताना आणि बोलताना तोंड, कंठ, श्रद्धा ही सगळी सारखीच. तरी अन्य भाषेत बोलताना कपाळामागील भागातला, म्हणजे हेतुपुरस्सर नियंत्रणाशी निगडित भागातला, रक्तप्रवाह कमी झाला. याच संशोधकांना ध्यान करणाऱ्या बौद्ध साधकांत आणि प्रार्थना करणाऱ्या फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या जोगिणींमध्ये (नन) तो भाग उलट अधिक सक्रिय दिसला होता. ‘आम्ही बोलत नाही, आमच्याकडून बोलवले जाते’ या त्या स्त्रियांच्या अनुभवाशी हे चित्र जुळते. पाच जणींवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, आणि बोलवणारा कोण हे रक्तप्रवाहाच्या चित्रात उमटत नाही.

उरते ते दुसरे दान, अर्थ सांगण्याचे. पौलाने त्यावर विशेष जोर दिला. मंडळीत न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द बरे, असे तो लिहितो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन किल्डाल यांनी अन्य भाषेतील एकच ध्वनिमुद्रण अर्थ सांगणाऱ्या वेगवेगळ्या व्यक्तींना स्वतंत्रपणे ऐकवले. एकाला त्यात मुलांच्या आरोग्यासाठी केलेली प्रार्थना ऐकू आली, तर दुसऱ्याला चर्चच्या निधीसंकलनाला आलेल्या यशाबद्दल देवाची स्तुती. ही तफावत त्यांच्यासमोर मांडल्यावर उत्तर आले की देवाने एकाला एक अर्थ दिला आणि दुसऱ्याला दुसरा.