डॉक निवडताना: जागा धरणारा घ्या, अंगावर येणारा नको

आमच्याकडून मशीन घेतलेल्या किंवा जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घालून घेतलेल्या ग्राहकांसाठी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जुना लॅपटॉप भंगारात न देता त्यावर लिनक्स मिंट घालून घेणारे बरेच जण आमच्याकडे येतात. त्यातले काही चार दिवसांनी पुन्हा दारात उभे असतात. तक्रार ठरलेली: ‘व्हिडिओत बघून खाली आयकॉनचा पट्टा टाकला, आणि आता हिशेबाच्या शीटच गायब झाल्या.’

शीट कुठे जात नाहीत, त्या पट्ट्याखाली असतात. लिबरऑफिस कॅल्क उघडून बघा. एप्रिल, मे, जून असे शीटचे टॅब अगदी तळाशी असतात आणि त्याच्याही खालच्या ओळीत निवडलेल्या रकमांची बेरीज दिसते. नेमकं तिथेच हा आयकॉनचा पट्टा, म्हणजे डॉक, येऊन बसतो. तुम्ही ‘मे’ वर क्लिक करायला जाता आणि उघडतं फायरफॉक्स.

म्हणून डॉक निवडताना तो दिसतो कसा हे नंतर बघा. आधी एकच विचारा: हा जागा धरतो का?

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे आहे. चांगला डॉक सुरू होतानाच सिस्टिमला सांगून ठेवतो, ‘या कडेचे इतके पिक्सेल माझे.’ मग कुठलीही विंडो मॅक्झिमाइझ केली की ती त्या रेघेपाशी थांबते. लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवणारी एक्स-११ नावाची जुनी व्यवस्था आहे, तिच्यात या निरोपाला स्ट्रट म्हणतात. विंडोजमध्ये हीच सोय ॲपबार या नावाने विंडोज ९५ पासून आहे, आणि तुमचा रोजचा टास्कबार त्याच सोयीवर चालतो. रुमाल न टाकणारा डॉक मात्र पॅसेजमध्ये उभा राहून तुमच्या खांद्यावर रेलतो.

‘मग लपणारा डॉक लावू, हवा तेव्हाच वर येईल,’ असं बरेच जण म्हणतात. फोटो बघायला, सिनेमा बघायला ठीक आहे. पण ज्याला दिवसभर नोंदी करायच्या आहेत त्याला आम्ही हा सुचवत नाही. लपलेला डॉक माउस तळाला गेला की वर येतो, आणि शीट बदलायला माउस तळालाच न्यावा लागतो. म्हणजे नको त्या क्षणी तो हजर! विंडो जवळ आली की आपणहून बाजूला होणारा ‘इंटेलिजंट’ प्रकार असतो, त्याचंही रडगाणं हेच.

जागा धरणाऱ्या डॉकची किंमतही मोजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असतो. ६४ पिक्सेलचा पट्टा तळाला ठेवला तर उंचीतले ८ टक्क्यांहून जास्त गेले, म्हणजे कॅल्कच्या तीन-चार ओळी. तोच पट्टा डाव्या कडेला उभा केला तर रुंदीतले ५ टक्केही जात नाहीत, आणि पानाला उंचीच जास्त लागते. पहिले दोन दिवस हात तळाकडेच जातो. तिसऱ्या दिवसापासून कुणी परत खाली मागितल्याचं आम्हाला आठवत नाही.

मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती असेल तर वेगळा डॉक कशाला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिच्या पॅनेलचाच, म्हणजे टास्कबारसारख्या पट्टीचाच, डॉक होतो. पॅनेलवर राइट क्लिक करा, पॅनेल प्रेफरन्सेस उघडा आणि वरच्या बटणाने एक नवं पॅनेल वाढवा. मोडमध्ये व्हर्टिकल निवडा. लॉक पॅनेलची टिक काढली की मुठीला धरून ते डाव्या कडेला नेता येतं. नेऊन झालं की टिक परत लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी ते पडद्याच्या मधोमध आणून ठेवतं. आपोआप लपवण्याच्या पर्यायात ‘नेव्हर’ ठेवा. मग सगळ्यात महत्त्वाची ओळ: ‘डोन्ट रिझर्व्ह स्पेस ऑन बॉर्डर्स’. ही ओळ उलटी आहे. टिक असली तर जागा धरली जात नाही, म्हणून तिथे टिक नको. पॅनेल कडेला पक्कं चिकटलेलं हवं. दोन बोटं आत तरंगत ठेवलं तर टिक काढूनही उपयोग नाही.

तरीही मॅकसारखा देखणा डॉक हवाच असेल तर प्लँक घ्या. हलका आहे, जुन्या मशीनला झेपतो. त्याच्यावर कंट्रोल दाबून राइट क्लिक केलं की प्रेफरन्सेस सापडतात. तिथल्या बिहेवियर टॅबमध्ये हाइड डॉक बंद करा. ते बंद असलं तरच प्लँक जागा धरतो. माउस नेल्यावर आयकॉन फुगवणारी झूमची सोय मोहात पाडते, पण फुगलेला आयकॉन धरलेल्या जागेबाहेर येऊन विंडोवर चढतो. ती बंदच ठेवा.

प्लँक लावल्यावर एक्सएफसीईत कधीकधी डॉकच्या वर एक करडी आडवी रेघ दिसते. ‘स्क्रीन गेली का हो?’ म्हणून फोन येतो. स्क्रीन ठीक आहे, ती डॉकची सावली आहे. विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर टॅब उघडून डॉकखालच्या सावलीची टिक काढली की रेघ जाते.

मिंटऐवजी उबुंटू हे दुसरं लिनक्स वापरत असाल तर प्लँकच्या वाटेला जाऊ नका. तो एक्स-११ साठी बनलेला आहे आणि आजचा उबुंटू वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालतो. उबुंटूचा स्वतःचा डॉक २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून आहे. सेटिंग्जमध्ये ऑटो-हाइड बंद ठेवलं की तो नीट जागा धरतो. केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या आणखी एका डेस्कटॉपवर पॅनेलची व्हिजिबिलिटी ‘ऑल्वेज व्हिजिबल’ ठेवा. जुन्या व्हिडिओंत लाट्टे डॉकची वाहवा ऐकाल. त्याचं काम २०२२ मध्येच थांबलं आहे, तो नका घालू.

विंडोजवाल्यांनो, टास्कबारवर आयकॉन पिन करा आणि सुखी राहा. रॉकेटडॉकसारखे जुने डॉक ‘विंडोच्या वर राहू की खाली’ एवढंच विचारतात, जागा धरत नाहीत. मॅकवर डॉक कायम दिसता ठेवला तर झूम करून मोठी केलेली विंडो त्याच्या अलीकडे थांबते, हाताने ओढलेली मात्र खाली जाते.

हाताने ओढण्याचं हे इतर ठिकाणीही लागू आहे. धरलेली जागा मॅक्झिमाइझ केलेल्या विंडोला पाळावी लागते. तुम्ही स्वतः ओढून विंडो पट्ट्याखाली नेलीत तर बहुतेक ठिकाणी ती जाते. पूर्ण पडद्यावर लावलेला व्हिडिओही डॉकला जुमानत नाही, आणि जुमानूही नये.

दोन मॉनिटर शेजारी-शेजारी असतील तर डॉक मधल्या शिवेवर ठेवू नका. एक्स-११ मध्ये धरलेली जागा दोन्ही पडदे मिळून होणाऱ्या बाहेरच्या कडेपासून मोजतात. उजव्या मॉनिटरच्या डाव्या कडेला डॉक ठेवला तर हिशेबाने अख्खा डावा मॉनिटरच धरावा लागेल. त्यामुळे अशा ठिकाणी बरेच डॉक जागा धरतच नाहीत. डाव्याच्या डावीकडे किंवा उजव्याच्या उजवीकडे ठेवा.

नवा डॉक घातल्यावर कॅल्क उघडा, मॅक्झिमाइझ करा आणि चारही कडा बघा. शीटचे टॅब आणि बेरजेची ओळ पूर्ण दिसली तर डॉक ठेवा. दिसली नाही तर वरची सेटिंग तपासा, आणि तरीही जमलं नाही तर मशीन दुकानात घेऊन या. आमच्याकडून घेतलेल्या मशीनला या कामाचे पैसे लागत नाहीत. येताना चार्जर आणा, आणि पासवर्ड आठवून या. त्याशिवाय प्लँक बसवता येत नाही.