गोंडवनातील बर्फ आणि सरकणारे भूखंड

भूखंडवहनाचा, म्हणजे खंड जागा सोडून सरकतात या कल्पनेचा, इतिहास बहुधा नकाशापासून सांगितला जातो. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांशी जुळतात, हे नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियस याने 1596 मध्येच नोंदवले होते. परंतु किनाऱ्यांचे साम्य योगायोगानेही घडू शकते. ज्या पुराव्याने या कल्पनेला खरे वजन आले, त्याचा मोठा भाग भारतातील खडकांत होता आणि तो या सिद्धांताचा प्रणेता आल्फ्रेड वेगेनर याच्या जन्माआधीच उजेडात येऊ लागला होता.

ओडिशातील तालचेर येथे 1856 मध्ये भूवैज्ञानिकांना मातकट खडकात रुतलेले मोठमोठे धोंडे आढळले आणि ते हिमनद्यांनी वाहून आणले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे चंद्रपूरजवळ इरई येथे, पैनगंगेच्या काठी, बर्फाने घासून गुळगुळीत केलेला आणि ओरखडे उमटलेला चुनखडक सापडला. ज्या मुलुखात आज उन्हाळ्यात अंगाची लाही होते, तेथे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी बर्फ सरकत होता, ही गोष्ट आजही थक्क करते. या थरांच्या वर दगडी कोळसा आहे आणि त्याच्या सोबतच्या खडकांत ग्लोसॉप्टेरिस या वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळतात. तेच ठसे दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही मिळाल्याने ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्युस याने या साऱ्या प्रदेशांचा एक प्राचीन भूभाग कल्पिला आणि गोंडांच्या भूमीवरून त्याला ‘गोंडवनालँड’ हे नाव रूढ केले. मात्र त्याच्या मते खंड जागीच राहिले आणि मधली जमीन समुद्रात बुडाली.

वेगेनर हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ. जानेवारी 1912 मध्ये फ्रँकफुर्ट येथील व्याख्यानात त्याने हे स्पष्टीकरण नाकारले. खंडांचे कवच सागरतळापेक्षा हलक्या खडकांचे असल्याने ते असे बुडू शकत नाही, तेव्हा भूखंडच एकमेकांपासून दूर गेले असले पाहिजेत, हा त्याचा युक्तिवाद मला आजही अतिशय भक्कम वाटतो. दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलियात प्राचीन बर्फ समुद्राच्या बाजूने जमिनीकडे सरकल्याच्या खुणा आहेत. हे भूभाग एकत्र जोडल्याशिवाय त्यांचा अर्थच लागत नाही.

पण खंडांना ढकलणारे बळ कोणते, याचे समाधानकारक उत्तर त्याच्याकडे नव्हते. त्याने सुचवलेली भरती-ओहोटीची आणि पृथ्वीच्या परिवलनाची बले फारच क्षीण आहेत, हे ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीज याने दाखवून दिले. सिद्धांताला मान्यता मिळण्यापूर्वीच, 1930 मध्ये, वेगेनर ग्रीनलंडच्या मोहिमेवर मरण पावला.

1950 च्या दशकात दख्खनचा काळा पाषाण साक्षीला आला. लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवतात आणि त्या दिशेच्या कलावरून अक्षांश काढता येतो. सह्याद्रीच्या या खडकांची मोजमापे घेतल्यावर, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ते थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, असे दिसून आले. पुढच्या दशकात भूवैज्ञानिक हॅरी हेस याची सागरतळ पसरण्याची कल्पना आणि 1963 मध्ये व्हाइन व मॅथ्यूज यांनी लावलेला तळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ यांमुळे खंडांना ढकलणाऱ्या बळाविषयीचा जुना आक्षेपही निकालात निघाला, कारण खंड सागरतळ कापत जात नसून फिरत्या भूपट्टांवर, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराच्या प्रचंड तुकड्यांवर, स्वार असतात.

वनस्पतींची बीजे वाऱ्याने दूर गेली असतील, अशी शंका तरीही काढता येत होती. 1969 मध्ये अंटार्क्टिकात लिस्ट्रोसॉरस या प्राण्याची हाडे सापडली. हा जमिनीवरचा, आखूड पायांचा, वनस्पती खाणारा प्राणी दक्षिण आफ्रिकेतून आणि बंगालमधील राणीगंजच्या खडकांतून आधीच परिचित होता; तो वाऱ्याने उडून किंवा महासागर पोहून तेथे गेला असणे शक्य नव्हते.