वनस्पतींमधली सुगंधी द्रव्यं (कोकण)

झाडाच्या पानाफुलांत, सालीत, बियांत नाहीतर मुळात जी पटकन उडून जाणारी तेलं असतात ती ही सुगंधी द्रव्यं, बाजारात यांनाच इसेन्शियल ऑइल म्हणतात. खोबरेलाचा थेंब कागदावर डाग सोडतो, यांचा बहुतेक उडून जातो. झाड ती बनवतं किडीला लांब ठेवायला आणि परागीकरणासाठी कीटकांना बोलवायला. केमिस्ट्रीत बहुतेक टर्पीन नावाच्या, कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांच्या गटातली.

कोकणातलं सगळ्यात भारी उदाहरण माझ्या मते तिरफळ. ते लिंबाच्याच कुळातलं, त्यामुळे सालीत तशाच तेलाच्या बारीक पिशव्या आणि लिमोनीन (लिंबू-संत्र्याच्या सालीत असतं ते वासाचं द्रव्य) पण असतं. आतली काळी बी काढून टाकायची, वास सगळा सालीत. बांगड्याच्या कालवणात ते जरासं ठेचून घालतात, म्हणजे पिशव्या फुटतात आणि तेल रश्श्यात उतरतं. जिभेला मुंग्या येतात त्या मात्र या तेलाने नाही, सॅनशूल जातीच्या वेगळ्या द्रव्यांमुळे, आणि ती अशी उडून जात नाहीत.

हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात तेव्हा जे होतं तेच कारखान्यात ऊर्ध्वपातनात होतं. या तेलांचा उत्कलनबिंदू 100 अंशांच्या बराच वर असतो पण पाण्याच्या वाफेबरोबर ती त्याआधीच निघतात, फक्त कारखान्यात वाफ थंड करून तेल वेगळं काढतात आणि आपल्याकडे ते तांदळाच्या पिठात मुरतं. इतकं साधं आणि इतकं हुशार काम आहे हे!

दालचिनीत एकाच झाडाचे तीन वास, सालीत सिनॅमाल्डिहाइड, पानात युजेनॉल (लवंगेतलं तेच), मुळात कापूर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात खऱ्या म्हणजे सिलोन दालचिनीची आहे. बाजारात जाड कडक साल मिळते ती बरेचदा कॅसिया (दालचिनीचीच दुसरी जात), तिच्यात कुमारिन हे वासाचं द्रव्य जास्त, ते रोज भरपूर खाल्लं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो, त्यामुळे परसात खऱ्या दालचिनीचं झाड लावाच.

फुलांत सुरंगी, बकुळ, सोनचाफा. सुरंगीच्या कळ्या थेट जाड फांद्यांवर लागतात, वेंगुर्ला-शिरोडा भागात त्यांचे वळेसर (गजरे) विकतात. बकुळ सुकली तरी वास धरून ठेवते.

शुद्ध तेल थेट कातडीला लावू नये, भाजल्यासारखं होतं. तिरफळ, दालचिनी अख्खीच घट्ट झाकणाच्या बरणीत उन्हापासून लांब ठेवायची, पूड करून ठेवली की तेल भराभर उडतं.